कामाचे अधिष्ठान

काम उत्तम होते ते माणसाच्या मनामुळे की त्याला मिळालेल्या जागेमुळे? कचेऱ्या आणि कारखाने बांधणाऱ्यांना हा प्रश्न पडतो, तसा तो धर्मचिंतनातही फार पूर्वीपासून विचारला गेला आहे. मन ताब्यात असेल तर भर बाजारातही चित्त एकाग्र होते, असे एक मत आहे. देह, आसन, उजेड आणि आवाज यांचा मनावर परिणाम होतो, म्हणून आधी जागा नीट करावी, असे दुसरे. दुसरे मत मान्य केले की त्यातून पुढचा प्रश्न निघतो: कोणाची जागा कोणती, हे कोणी ठरवायचे? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नांची चर्चा ग्रंथांपुरती राहिली नाही. मठ, शाळा, कारखाने आणि कारागिरांच्या गल्ल्या यांतून त्यांना निरनिराळी उत्तरे दिली गेली.

गीता आणि ज्ञानेश्वरी

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. यांतल्या पहिल्या कारणाबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर अधिष्ठान म्हणजे देह असे मानतात, तर लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात त्याचा अर्थ स्थान असा घेतला आहे. कामाच्या जागेचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक ठरतात. काम देहातून घडते आणि देह कुठेतरी बसलेला किंवा उभा असतो. म्हणून जागेची मापे देहावरून निघायला हवीत. दोन्ही अर्थांनी पाहिले तरी एक गोष्ट कायम राहते: कर्ता एकटा कर्म करत नाही. काम बिघडले तर सगळा दोष कर्त्याच्या माथी मारणे गीतेच्या या हिशेबात बसत नाही.

सहाव्या अध्यायात हा विचार प्रत्यक्ष मांडणीपर्यंत येतो. योगाभ्यासासाठी जागा स्वच्छ असावी, आसन स्थिर असावे, फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन आणि वर वस्त्र असावे, असे तिथे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी या मोजक्या सूचनांचा मोठा विस्तार केला. त्यांच्या वर्णनात गार सावली आहे, जवळ पाणी आहे, वारा मंद आहे आणि एखादा मठ किंवा शिवालय आहे. आवाजाबद्दल तर ते फारच काटेकोर आहेत. जागा बहुतांशी नीरव असावी, श्वापदांची दाटी नसावी, पोपट आणि भुंगे नसावेत. पाण्याकाठी थोडे हंस-सारस असले, मधूनच कोकीळ किंवा मोर आला तर हरकत नाही. पूर्ण निःशब्दता त्यांनी मागितलेली नाही. सतत लक्ष ओढून घेणारा आवाज आणि येऊन विरून जाणारा आवाज यांत त्यांनी फरक केला आहे. ही जागा पाहताच विलासी माणसालाही राज्य सोडून इथेच राहावेसे वाटेल, असेही ते म्हणतात. जागा मनाला वळण लावते, यावर त्यांचा विश्वास होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. गीतेतच दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ आहे. सुखदुःखाने न ढळणाऱ्या माणसाला आसनाची काय मातब्बरी? सावता माळ्याने मळा सोडला नाही आणि मळ्यातच विठ्ठल पाहिला, मग जागेचे एवढे स्तोम कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर साधक आणि सिद्ध यांच्या भेदात आहे. स्थितप्रज्ञाचे वर्णन हे पोहोचलेल्याचे वर्णन आहे आणि सहावा अध्याय वाटेवर असलेल्यासाठी आहे. तुकोबांनीही सुरुवातीच्या काळात भामनाथ आणि भंडाऱ्याचा डोंगर जवळ केला. सावता माळ्याचा मळा तर त्याच्या कामाला सर्वार्थाने साजेसा होता. अयोग्य जागेतही काम होते, याचा तो दाखला ठरत नाही. कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात येणारी बहुतेक माणसे साधक असतात. त्यांच्याकडून सिद्धाच्या स्थैर्याची अपेक्षा करायची आणि जागा मात्र कशीही द्यायची, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

समर्थांच्या निरनिराळ्या जागा

एकाच माणसाला वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जागा लागतात, हे समर्थ रामदासांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. चाफळला १६४८ मध्ये त्यांनी राममंदिर उभारले. उत्सव, महंतांच्या भेटीगाठी, भिक्षा आणि संप्रदायाचा कारभार यांसाठी ही जागा होती, तिथे माणसांचा राबता होता. चिंतनासाठी मात्र त्यांनी डोंगरातल्या घळी निवडल्या. दासबोधाची रचना शिवथरघळीत झाली आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. आयुष्याची अखेरची वर्षे सज्जनगडावर गेली आणि १६८२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. अकरा मारुती तर सातारा, सांगली आणि कोल्हापूरकडच्या गावांत, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, बलोपासनेला सोयीचे असे बसवले गेले. एकांत आणि लोकसंग्रह या दोन्हींची त्यांना गरज होती. दोन्ही एकाच ठिकाणी साधण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मराठीत लिहिण्याच्या कामाचा इतक्या बारकाईने झालेला जुना विचार दुर्मीळ आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर असावे, पहिल्या अक्षरासारखेच शेवटचे यावे, पानाला समास सोडावा, लेखण्या, शाई, कागद, चाकू अशी सामग्री जय्यत असावी, हे सारे त्यात येते. त्यातच एक सूचना अशी आहे, की तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. काम करणाऱ्याची आजची नजर आणि तीस वर्षांनंतरची नजर एकसारखी नसते, हे गृहीत धरून केलेली ही सूचना आहे. परमार्थाच्या ग्रंथात डोळ्यांची ही काळजी येते, कारण देह थकला की ग्रंथही वाचला जात नाही. आज पडद्यावरच्या अक्षराचा आकार, टेबलाची उंची किंवा दिव्याची जागा ठरवताना हाच विचार करावा लागतो.

मिरजेची सतार: एका छताखाली अनेक कामे

जागा कामाला साजेशी असणे म्हणजे काय, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवळून पाहता येते. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कारागिरी सुरू झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य एकच असले तरी ते घडवणारी कामे एकमेकांपासून फार वेगळी आहेत. वाळलेला भोपळा कापणे, दांडी तासणे आणि तबली बसवणे ही ताकदीची कामे आहेत. कारागीर जमिनीवर बसतो आणि लाकूड पायांच्या पकडीत धरतो. तिथे खुर्ची-टेबल आणले तर पकडच जाते. भोवती भुसा उडतो, ठोकाठोकी चालते, गप्पाही चालतात आणि त्यांनी काम बिघडत नाही. नक्षीकामाला हात स्थिर आणि उजेड बाजूने पडणारा लागतो. रंग-पॉलिशला धूळ चालत नाही.

शेवटचे काम जवारीचे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासून असा उतार द्यायचा, की तार छेडली की तिचा नाद फुलून दीर्घकाळ घुमत राहील. कारागीर एकदा कानस फिरवतो, तार लावतो, छेडतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा तार सैल करतो. किती घासायचे याला माप नाही. निर्णय कानाचा आहे. भुसा आणि हातोड्याच्या आवाजात हे काम करता येत नाही. त्यासाठी शांत कोपरा किंवा शांत वेळ लागते, आणि ते बहुधा अनुभवी कारागिराकडे जाते. ताकदीच्या कामाला शांततेची सक्ती केली तर काम उगाच अवघड होते. जवारीच्या कामावर गोंगाट लादला तर ते होतच नाही. दोन्ही कारागीर तितकेच आवश्यक आहेत, पण एकच जागा दोघांना पुरत नाही.

सांगलीच्या गणपती पेठेसारख्या बाजारपेठांतील जुन्या पेढीची मांडणीही अशीच कामातून आलेली होती. गादी, लोड, बैठे डेस्क आणि समोर उघडा दरवाजा. मालकाला येणारे गिऱ्हाईक, तोलला जाणारा माल आणि लिहिली जाणारी खतावणी एका नजरेत दिसे, आणि शेतकऱ्याला त्याच बैठकीवर बसून हिशेब समजून घेता येई. विश्वासाच्या व्यवहाराला ही बैठक उत्तम होती. मात्र दिवसभर वाकून आकडे लिहिणाऱ्या दिवाणजीची पाठ तिने सांभाळली नाही. एका कामाला योग्य ठरलेली मांडणी शेजारच्याच माणसाला जाचक ठरू शकते, हे तिथेही दिसते.

साताऱ्यातील गोणपाट

माणसागणिक वेगळी जागा, या तत्त्वाची एक काळी बाजू आहे आणि ती नजरेआड करून हा विषय पुरा होत नाही. भारतीय परंपरेत अधिकारभेदाचा विचार आहे: ज्याची जशी पात्रता, तशी त्याची साधना. हे तत्त्व साधकाच्या स्वभावाला जपते. पण पात्रता जन्मावरून ठरू लागली की तेच तत्त्व माणसाला कायमचे कोपऱ्यात बसवते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळाबद्दल बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. एका कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचे. जागेची ही मांडणी शिक्षणाच्या कोणत्याही गरजेतून आलेली नव्हती. गोणपाटावर बसल्याने गणित सोपे होत नाही की अक्षर सुधारत नाही. समाजाने ठरवलेली पायरी त्या मुलाला रोज शरीराने अनुभवायला लावणे, एवढेच तिचे काम होते.

त्याच साताऱ्यात पाव शतकाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी याला उत्तर दिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पंगत एक, छप्पर एक. कामे मात्र वाटून दिलेली: शेत, स्वयंपाक, साफसफाई. कमवा आणि शिका या धोरणात कामाचा वाटा कोणालाही चुकत नसे, आणि कोणतेही काम कोणाच्या जातीला चिकटलेले नसे. जागेची समानता आणि कामाची विविधता एकत्र नांदू शकतात, हे या वसतिगृहाने दाखवले.

गोणपाट आणि जवारीचा कोपरा, दोन्ही वेगळ्या जागा. पहिली माणसाची प्रतिष्ठा काढून घेते आणि दुसरी कामाला न्याय देते. त्यांतला फरक ओळखायला दोन कसोट्या पुरतात. वेगळेपण कामाच्या गरजेतून आले आहे का? आणि त्या जागेवर बसणाऱ्याला तिच्याबद्दल बोलण्याचा आणि ती बदलून घेण्याचा हक्क आहे का? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर ती मांडणी अन्यायाची आहे, मग तिला परंपरा म्हणा की शिस्त.

माळरान आणि भिंती नसलेला तुरुंग

जागा घडवण्यातून माणसावरचा विश्वासही व्यक्त होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली आणि १९१० मध्ये तिथल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. लोखंडी नांगराच्या कारखान्याशेजारी कामगारांची घरे उभी राहिली. काम आणि राहणे यांचा एकत्र विचार करणारी ही वसाहत होती. शिक्षा भोगून सुटलेल्या काही जणांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवले. ज्यांच्यावर समाज पहारा ठेवत होता त्यांच्याच हाती पहारा सोपवण्यामागे माणूस बदलू शकतो ही श्रद्धा होती. याच वाडीतून किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिकेही निघाली; भट्टी आणि संपादकाचे टेबल एका गावात नांदले.

औंध संस्थानातच १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्यामागे पुढाकार होता. तटबंदी नाही, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहू शकतात, अशी तिची रचना आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला आहे आणि त्याची कथा आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांची. नजरकैदेवर उभी असलेली जागा पळून जाण्याचा विचार मनात ठेवते आणि विश्वासावर उभी असलेली जागा राहण्याचे कारण देते, हे तत्त्व स्वतंत्रपूरने तपासून पाहिले. आजच्या कचेऱ्यांत कोण कधी उठला, कोण काय पाहतो आहे, हे सतत दिसावे म्हणून बसण्याची रचना केली जाते. गुन्हा केलेल्या माणसाच्या बाबतीत जो विश्वास फळाला आला, तो रोजच्या कर्मचाऱ्याला नाकारण्याचे कारण सापडत नाही.

मोकळी कचेरी आणि बंद खोली

विसाव्या शतकात कचेरीच्या भिंती पाडण्याचा विचार जगभर पसरला. जर्मनीत १९५० च्या दशकात टेबले मोकळ्या दालनात मांडण्याची पद्धत आली. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६० च्या दशकात काम करणाऱ्याला हवे तसे बदलता येईल असे फर्निचर आखले, पण पुढे त्यातूनच एकसारख्या अरुंद खणांच्या रांगा तयार झाल्या. भिंती काढल्या की माणसे एकमेकांशी जास्त बोलतील, हे मोकळ्या कचेरीमागचे गृहीतक होते. २०१८ मध्ये हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांमधील कर्मचाऱ्यांचे व्यवहार मोजले, तेव्हा मोकळ्या मांडणीनंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ईमेल आणि संदेश मात्र वाढले. एकांत हिरावला गेला की माणूस तो दुसऱ्या मार्गाने, गप्प राहून, मिळवतो.

म्हणून कामाची प्रकृती आधी पाहावी लागते. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशाच्या कामात नोंद लिहिणारा एकटा बसतो, परिभाषा ठरवायला चार जाणकार एकत्र बसतात, संदर्भ तपासणाऱ्याला ग्रंथालय हाताशी लागते आणि मुद्रित तपासणाऱ्याला उजेड व सलग वेळ. एकाच संपादकाच्या दिवसात ही सगळी कामे येतात. त्याला कायमची बंद खोली दिली तर संवाद तुटतो, कायमचे मोकळे दालन दिले तर नोंद पुरी होत नाही. समर्थांसारखी चाफळ आणि घळ, दोन्हींची सोय हवी.

स्वभावाचा भेदही यात धरावा लागतो. कोणाला माणसांत राहून सुचते, कोणाला सकाळच्या निवांतपणात. ऐकायला कमी येणाऱ्याला दालनातला गोंगाट जास्त थकवतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी दारातली एक पायरीही भिंत ठरते. कायद्याने यातले काही मान्य केले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठकीची सोय बंधनकारक केली होती. दुकानांतल्या नोकरांना, विशेषतः कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना, बसण्याचा हक्क देणारी दुरुस्ती केरळने २०१८ मध्ये केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गरजेनुसार वाजवी सोय पुरवण्याचे तत्त्व स्वीकारले. गीतेने आसनाची उंची सांगितली तिच्यामागे देहाबद्दलचा जो आदर होता, तोच या तरतुदींमागे आहे.

निष्कर्ष

या सगळ्या विचारातून कामाच्या जागेसाठी काही तत्त्वे हाती येतात. देह हे कामाचे पहिले अधिष्ठान आहे, म्हणून बैठक, उजेड आणि आवाज यांचा विचार देहापासून सुरू व्हावा. जागा हुद्द्यावरून न ठरवता कामाच्या प्रकृतीवरून ठरवावी. ज्याच्या कामाला एकाग्रता लागते त्याला ती मिळावी, मग तो कारकून असला तरी. एकाच माणसाला दिवसात एकांत आणि संगत दोन्ही लागतात, तेव्हा दोन्हींची सोय असावी आणि निवड त्याच्या हाती असावी. वेगळी जागा देताना ती मान वाढवते की कमी करते, हे त्या जागेवर बसणाऱ्याला विचारूनच ठरवावे. आणि मांडणीचा पाया संशयाऐवजी विश्वास असावा.

मनाने जागेवर मात करावी, हा आदर्श उच्च आहे आणि ज्याने त्याने तो स्वतःपुरता जरूर बाळगावा. तो दुसऱ्यावर लादता येत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्यांच्या जागा ठरवण्याचा अधिकार आहे, त्याचा धर्म निराळा आहे: समोरच्या माणसाला सिद्ध न मानता साधक मानणे, आणि त्याचे काम त्याच्या हातून नीट व्हावे इतकी जागा त्याच्याभोवती नीट करून देणे.